वळणावर पेट्रोल जाते कुठे?

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची एक बुटकी जीप देशभर गाजली. कडेगाव तालुक्यातले हे गाव तोवर यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून लोकांना ठाऊक होते. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सुटे भाग जमवले, साधारण साठ हजार रुपये घातले आणि दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी उभी केली. तिची चित्रफीत पाहून उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तोंडभरून कौतुक केले. ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवले जाईल, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो लोहार कुटुंबाच्या हाती आली.

महिंद्रांनी नियमांविषयी जे म्हटले ते खरेच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. सगळी गाडीच घरी बांधलेली असेल तर ती सार्वजनिक रस्त्यावर आणण्याचा प्रश्नच येत नाही. अशा गाडीची जागा बंदिस्त मैदानावर किंवा शर्यतीच्या ट्रॅकवर. इंग्लंडात कायदा वेगळा असल्यामुळे तिथे ‘किट कार’ हा प्रकार रुजला. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ नावाची हलकी गाडी काढली आणि ती सुट्या भागांच्या संचातही विकली, कारण तयार गाडीवरचा कर त्या संचाला लागत नसे. ग्राहक घरच्या गॅरेजात भाग जोडून गाडी पुरी करायचा. १९७३ पासून कॅटरहॅम ही कंपनी तीच गाडी बनवत आली आहे.

आपल्याकडे किट कारच्या सगळ्यांत जवळची गाडी सापडते ती अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्कशॉपमध्ये. वाळवा तालुक्यातल्या राजारामनगरची राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, सांगलीचे वालचंद महाविद्यालय, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्थांमधली मुले स्पर्धांसाठी स्वतः गाड्या बांधतात. खडबडीत जमिनीवर पळणाऱ्या गाड्यांची ‘बाहा’ स्पर्धा एसएईइंडिया ही संस्था २००७ पासून घेते. फॉर्म्युला गाड्यांची ‘सुप्रा’ २०११ मध्ये सुरू झाली. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर ‘फॉर्म्युला भारत’ होते. चासी नळ्या जोडून केलेली, इंजिन बहुतेक वेळा मोटारसायकलचे आणि पेट्रोलची टाकी पत्रा कापून, वाकवून, वेल्ड करून घरचीच.

घात होतो तो या टाकीपाशी.

सरळ रस्त्यावर गाडी छान पळते. चालवणारा वळणात जोरात शिरतो, आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन अडखळते, मिसिंग करते, एक-दोन धक्के देते आणि पुन्हा सुरळीत होते. पुढच्या फेरीत त्याच वळणावर तेच. प्लग बदलतात, कॉइल बदलतात, वायरिंग चाचपतात, तरी फरक पडत नाही. टाकी उघडून पाहावी तर आत सात-आठ लिटर पेट्रोल आहे. पेट्रोल संपलेले नाही, फक्त जिथून पंप ते उचलतो तिथे ते त्या क्षणी नव्हते. मेकॅनिक मंडळी याला ‘इंधन कमी पडणे’ किंवा ‘गाडी पेट्रोल ओढत नाही’ म्हणतात.

साताऱ्याच्या जुन्या रहिवाशांना हे दृश्य वेगळ्या रूपात परिचयाचे आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना साताऱ्यात होता आणि तिथून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडायची. रिझर्व्हही संपत आले आणि स्कूटर बंद पडली की लोक खाली उतरत, ती एका अंगावर तिरकी करत, क्षणभर तशीच धरत आणि किक मारत. पुढचे दीड-दोन किलोमीटर निघून जात. टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात साचलेले थोडे पेट्रोल कलल्यामुळे कॉकच्या तोंडाशी येई, एवढेच त्यामागचे शास्त्र. ट्रॅकवर याच्या उलट घडते. तिथे वेगाने घेतलेले वळण टाकी ‘तिरकी’ करते आणि पेट्रोल तोंडापासून दूर नेते.

किती दूर, याचा हिशेब सोपा आहे. समजा ३९ मीटर त्रिज्येचे वळण ताशी ७० किलोमीटर वेगाने घेतले. तेव्हा पेट्रोलला बाहेरच्या बाजूला ढकलणारा जोर जवळजवळ गुरुत्वाकर्षणाइतकाच असतो. खाली ओढणारा आणि बाजूला ढकलणारा जोर सारखे झाले की द्रवाचा पृष्ठभाग ४५ अंशांत तिरपा होतो. रोजच्या रस्त्यावर आपण वळणे इतक्या हलक्या हाताने घेतो की हा कल पंधरा-सतरा अंशांपुढे क्वचितच जातो. दहास एक चढाच्या घाटात तर टाकीतले पेट्रोल जेमतेम सहा अंश कलते. म्हणून खंबाटकी किंवा पसरणी घाट बिनतक्रार चढणारी गाडी ट्रॅकवरच्या पहिल्या जोरकस वळणातच मान टाकू शकते.

आता घरी केलेली एक साधी टाकी डोळ्यांसमोर आणावी. ६० सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर उंच, २५ सेंटिमीटर लांब, म्हणजे ३० लिटरची. पेट्रोल उचलणारी नळी तळाच्या बरोबर मध्यावर. टाकी निम्मी भरलेली असताना ४५ अंशांचा कल आला तर आतल्या बाजूचा २० सेंटिमीटर तळ कोरडा पडतो. नळी मात्र ३० सेंटिमीटरवर आहे, ती अजून बुडालेली राहते. टाकी पाव भरलेली असेल तर तेवढ्याच कलात ३५ सेंटिमीटर तळ उघडा पडतो. नळी कोरडी पडली, पंपाने हवा घेतली. टाकीत तेव्हा साडेसात लिटर पेट्रोल असते.

या हिशेबातून टाकी कशी असावी हे कळते. रुंद आणि चपटी टाकी सगळ्यांत वाईट, उंच आणि अरुंद टाकी चांगली. पण गाडी जमिनीलगत ठेवायची म्हणून बांधणारे नेमकी चपटी टाकी करतात आणि सीटच्या मागे किंवा खाली बसवतात. आत पडद्या, म्हणजे बॅफल, घातले तर पेट्रोलची धाव मंदावते. बॅफलच्या खालच्या कोपऱ्यांत छिद्रे ठेवावी लागतात, नाहीतर शेवटचे पेट्रोल तिथेच अडकून बसते. काही जण टाकीत जाळीदार फोम भरतात. त्याने जागा थोडीच खाल्ली जाते आणि हेलकावे बरेच कमी होतात, पण काही वर्षांनी त्याचा भुगा होऊ लागतो आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवली पाहिजे. बॅफल आणि फोम पेट्रोलचा वेग कमी करतात, त्याचा कल बदलत नाहीत. वळण चार-पाच सेकंद टिकले तर पेट्रोल सावकाश का होईना, बाहेरच्या बाजूला जाणारच.

मोटारसायकलचे इंजिन गाडीत घातले की आणखी एक पेच पडतो. मोटारसायकल वळताना स्वतः कलते, आणि इतकी बेताने कलते की गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा जोर यांचा मिळून होणारा परिणाम तिच्या मधल्या रेषेतूनच खाली जातो. त्यामुळे टाकीतले आणि कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधले पेट्रोल वळणातही समतल राहते. तेच कार्बोरेटर चारचाकीत बसवले की ही सोय जाते, कारण चारचाकी आत कलत नाही. फ्लोट चेंबरमधले पेट्रोल एका भिंतीवर चढते. फ्लोट चुकीच्या उंचीवर तरंगतो, नीडल नको तेव्हा बंद किंवा उघडी राहते आणि मुख्य जेट उघडा पडतो. टाकी आणि पंप निर्दोष असूनही इंजिन अडखळते. शिवाय मोटारसायकलची टाकी इंजिनच्या वर असते, पेट्रोल आपल्या वजनाने खाली येते. गाडीत टाकी इंजिनच्या पातळीला किंवा खाली जाते आणि पंप लावावाच लागतो. तो कार्बोरेटरसाठी असेल तर दाब अगदी कमी हवा, दोन-तीन पीएसआयपेक्षा फारसा जास्त नको, नाहीतर नीडलवर जोर येऊन पेट्रोल बाहेर वाहते.

आजकाल विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला गाड्यांमध्ये चाकणला बनणारे केटीएम ३९०चे ३७३ सीसी इंजिन बरेच दिसते. त्यात कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे, म्हणजे फ्लोटचा प्रश्न मिटला. पण इंजेक्टरला साधारण तीन बारच्या आसपास अखंड दाब लागतो. पंपाने हवेचा एक घोट जरी घेतला तरी दाब कोसळतो.

इंधनाचा हा प्रश्न एकदा युद्धातही उभा राहिला होता. १९४० मध्ये ब्रिटिश स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनात कार्बोरेटर होता. वैमानिकाने नाक एकदम खाली घातले की फ्लोट चेंबरमधले पेट्रोल वर उडायचे, इंजिन क्षणभर दम टाकायचे आणि मग चेंबर जास्तीच्या पेट्रोलने भरून गुदमरायचे. जर्मन विमानांत इंजेक्शन होते, ती सरळ डुबकी मारून निसटायची. बिॲट्रिस शिलिंग या अभियंत्या महिलेने यावर तोडगा काढला. छोटे छिद्र असलेली एक साधी धातूची चकती त्यांनी पेट्रोलच्या वाटेत बसवली. पूर्ण ताकदीला जेवढे पेट्रोल लागते तेवढेच त्या छिद्रातून जाई. १९४१ च्या सुरुवातीला त्या चकत्या विमानतळांवर पोहोचल्या आणि इंजिन गुदमरणे थांबले. शिलिंग स्वतः मोटारसायकलच्या शर्यती लढत आणि ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर त्यांनी ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी मारली होती. इंधन नेमके कुठे आणि का पळते याचा मुळापासून विचार झाला म्हणून एवढ्याशा चकतीने काम भागले, ही गोष्ट गाडी बांधणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगण्यासारखी आहे.

ट्रॅकवरच्या गाडीसाठी खात्रीचा उपाय म्हणजे सर्ज टँक. मोठ्या टाकीशेजारी एक लहान, उंच आणि अरुंद भांडे बसवतात. त्यात लिटर-दीड लिटर पेट्रोल मावते. मोठ्या टाकीतून कमी दाबाचा पंप त्यात पेट्रोल आणून टाकतो. भांड्याच्या तळातून जास्त दाबाचा पंप पेट्रोल उचलून इंजिनला देतो. वरच्या तोंडातून जादा पेट्रोल आणि हवा मोठ्या टाकीत परत जाते. वळणात मोठ्या टाकीची नळी कोरडी पडली, पहिल्या पंपाने हवा घेतली, तरी ती हवा भांड्यात येऊन वर निघून जाते. तळाशी पेट्रोल असतेच.

एवढेसे भांडे पुरते का, अशी शंका येणे साहजिक आहे. ऐंशी अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात चालले तर ताशी सुमारे २५ लिटर पेट्रोल पिते, म्हणजे सेकंदाला सात मिलिलिटर. चार सेकंदांच्या वळणात तीस मिलिलिटरही लागत नाही. लिटरभर पेट्रोल दोन मिनिटांहून जास्त पुरेल.

पण इथे एक चूक फार होते, आणि सगळा खर्च वाया जातो. जास्त दाबाचा पंप इंजिनच्या गरजेपेक्षा बरेच जास्त पेट्रोल फिरवत असतो. ताशी १२० लिटरचा पंप म्हणजे मिनिटाला दोन लिटर. इंजिनला नको असलेले पेट्रोल रेग्युलेटरमधून परतीच्या नळीने मागे येते. ही परतीची नळी सर्ज टँकमध्येच सोडली पाहिजे. ती मोठ्या टाकीत सोडली तर लिटरभराचे भांडे अर्ध्या मिनिटात रिकामे होते आणि मग भांडे असून नसल्यासारखे. दोन नळ्यांची अदलाबदल, एवढाच फरक. दिसायला किरकोळ, पण इंजिन वाचते की जाते ते यावर ठरते.

इंजिन जाते हा शब्द इथे जपूनच वापरला आहे. पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा, हे प्रमाण पूर्ण ज्वलनाचे. पूर्ण जोरात इंजिनला त्याहून जरा जास्त पेट्रोल हवे असते, कारण ते आतली उष्णताही शोषते. नेमके त्याच वेळी पेट्रोल कमी पडले तर मिश्रण पातळ होते, ज्वलनकक्ष तापतो, इंजिन ठोकू लागते. तापलेल्या पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. म्हणून वळणावरचा तो एक धक्का ‘चालायचेच’ म्हणून सोडून देणे महागात पडते.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे सगळे ऐकून फार नवल वाटणार नाही. पंपाने हवा धरली म्हणजे काय, फूटव्हॉल्व्ह पाण्याबाहेर आला की काय होते, सक्शनच्या पायपाला बारीक चीर असेल तर मोटर फिरत राहूनही पाणी का येत नाही, हे त्याला विहिरीवर आणि नदीकाठी रोज कळते. सांगली जिल्ह्यातच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या आधाराने १९१० मध्ये ती वसवली. लोखंडी नांगरापासून सुरुवात झाली आणि पुढे पंपांनी तिचे नाव देशभर नेले. शेजारच्या साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला आणि त्या नावाची डिझेल इंजिने शेतीच्या पाण्यासाठी वापरली गेली. दोन्ही जिल्ह्यांत सक्शन आणि डिलिव्हरी हे शब्द घराघरांत आहेत. पेट्रोलच्या पंपाला तेच नियम लागू होतात, फक्त जास्त कडकपणे.

पाण्याचा पंप तत्त्वतः दहा मीटरपर्यंत आणि व्यवहारात सहा-सात मीटर खोलीवरून पाणी ओढू शकतो. पेट्रोलचे तसे नाही. ते लवकर उडते. ३८ अंशांच्या आसपास पेट्रोलच्या वाफेचा दाब वातावरणाच्या निम्म्याहून अधिक असू शकतो. पंपाने जोर लावून ओढले की नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफेवर फिरत राहतो. सांगली-मिरजेच्या एप्रिल-मे महिन्यांत, सायलेन्सरजवळून गेलेल्या नळीत, हे सहज घडते. याला व्हेपर लॉक म्हणतात. गाडी थांबवून दहा मिनिटांनी सुरू करावी तर होत नाही, आणि संध्याकाळी गार झाल्यावर पहिल्या फटक्यात सुरू होते. पेट्रोलचा पंप ढकलण्यात बहाद्दर आणि ओढण्यात कच्चा असतो. म्हणून पंप टाकीच्या आत किंवा टाकीच्या तळाहून खाली, टाकीला अगदी लागून बसवावा. सक्शनची नळी जाड आणि आखूड असावी. पंपाच्या आधी फक्त मोठ्या छिद्रांची जाळी आणि बारीक फिल्टर पंपाच्या नंतर. फिल्टर उलट क्रमाने लावले की पंपाला गाळणीतून ओढावे लागते आणि वाफ धरलीच म्हणून समजा.

दुसरी बाब विजेची. पंपाची वायर बारीक असेल, लांबून फिरवलेली असेल आणि अर्थ नीट नसेल, तर पंपापर्यंत पूर्ण बारा व्होल्ट पोहोचत नाहीत. व्होल्टेज घटले की पंपाचा प्रवाह घटतो. गाडी कमी वेगात ठीक आणि सरळ रस्त्यावर पूर्ण जोरात अडखळत असेल, वळणाचा त्याच्याशी संबंध नसेल, तर टाकीला दोष देण्याआधी मीटर घेऊन पंपाच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. रिले लावून बॅटरीपासून जाड वायर दिली की बहुतेकदा काम होते.

झाकणाचे छिद्रही विसरून चालत नाही. टाकीतून पेट्रोल गेले की तेवढी हवा आत यावी लागते. ते छिद्र धुळीने किंवा रंगाने बुजले तर आत पोकळी तयार होते आणि दहा-पंधरा मिनिटे नीट चाललेली गाडी हळूहळू मरते. अशा वेळी झाकण उघडले की ‘फुस्स’ आवाज होतो आणि गाडी पुन्हा चालते. घरी बांधलेल्या टाकीला हवेची नळी असावी आणि ती गाडी उलटली तरी पेट्रोल बाहेर न सोडणाऱ्या व्हॉल्व्हसह असावी.

आता पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि इथेनॉल म्हटले की ऊस आलाच. सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्याशी त्याचे थेट नाते आहे. राजारामनगरच्या वर्कशॉपमध्ये मुले टाकी वेल्ड करतात तिथून साखराळ्याचा राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखाना हाकेच्या अंतरावर आहे. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. वीस टक्के मिश्रणासाठी ही वाढ आठ टक्क्यांच्या आसपास येते. जुन्या हिशेबाने काठावर निवडलेला पंप किंवा जेट आता अपुरा पडू शकतो. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला गंज आणि राळ सुटी करते, साध्या रबरी नळ्या फुगवते, आणि हवेतले पाणी शोषते. भंगारातून आणलेली टाकी आणि नळ्या वापरणाऱ्याने नळ्या तरी नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात. इथे पैसे वाचवणे परवडत नाही.

भंगारातल्या टाकीचे नाव निघाले की एक इशारा द्यायलाच हवा. वापरलेली पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी रिकामी नसते. आत राहिलेली वाफ वेल्डिंगच्या ठिणगीने पेटते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. पाण्याने विसळली एवढ्याने ती सुरक्षित होत नाही. बदल करायचा असेल तर नव्या पत्र्याची टाकी करावी, जुनीला हात लावू नये. अनुभवी कारागीरही या एका कामात घाई करतात आणि घराचे घर उद्ध्वस्त होते.

नवी टाकी करताना एक चाचणी कुठल्याही गावच्या वर्कशॉपमध्ये, पेट्रोलचा थेंबही न वापरता, घेता येते. वरचे झाकण वेल्ड करण्याआधी टाकी फळीवर ठेवावी, त्यात मोजून साडेसात लिटर पाणी ओतावे, पाणी सांडू नये म्हणून तोंड पारदर्शक पत्र्याने तात्पुरते घट्ट बंद करावे आणि फळी हळूहळू ४५ अंशांपर्यंत उचलावी. टाकी आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुढे आणि मागे कलवून नळीचे तोंड कधी उघडे पडते ते डोळ्यांनी पाहावे. सावकाश कलवल्यावर पाणी जिथे स्थिरावते तिथेच वळणातले पेट्रोल स्थिरावणार. बॅफल हलवायचा, नळी सरकवायची किंवा तळाला छोटा खड्डा करून नळी त्यात उतरवायची, हे ठरवण्याची वेळ हीच. एकदा वरचा पत्रा बसला की सगळे अंदाजावर येते.

विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला गाड्यांच्या, म्हणजे ‘फॉर्म्युला स्टुडंट’ प्रकारच्या, स्पर्धांत तर संपूर्ण गाडीच कलवतात. तांत्रिक तपासणीत गाडी एका फळीवर चढवून ६० अंशांपर्यंत तिरकी करतात. त्या अवस्थेत पेट्रोल किंवा ऑइलचा थेंब गळता कामा नये आणि एकही चाक उचलता कामा नये. ६० अंशांचा कल म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १.७ पट आडव्या जोराचे वळण. ही चाचणी गळती शोधण्यासाठी असते, पण हुशार संघ त्याच वेळी पंपाचे तोंड बुडालेले राहते का हेही पाहून घेतात.

त्यानंतरची परीक्षा ट्रॅकवर. स्किड पॅडवर, म्हणजे आठच्या आकड्यात आखलेल्या दोन वर्तुळांवर, गाडी डावी-उजवी फिरवायची. इंधनाच्या नळीवर दाबमापक बसवायचा आणि त्याचे आकडे नोंदवून ठेवायचे. टाकी भरून सुरुवात करायची, मग दर वेळी दोन लिटर कमी करत जायचे. इंजिन अडखळण्याच्या बऱ्याच आधी दाबाची सुई थरथरू लागते. कोणत्या बाजूच्या वळणात आणि किती लिटरला ती थरथरली, हे लिहून ठेवले की नळी कोणत्या बाजूला सरकवायची ते स्पष्ट होते. फक्त उजव्या वळणात दाब पडत असेल तर पेट्रोल डावीकडे जात आहे आणि तोंड उजवीकडे जास्त सरकलेले आहे. दोन्ही बाजूंना पडत असेल तर टाकीच चपटी आहे, तिथे सर्ज टँकशिवाय गत्यंतर नाही. जोरात ब्रेक लावल्यावर पडत असेल तर पेट्रोल पुढे जाते आहे आणि नळी मागे राहिली आहे. अशा गाडीत वेग घेताना मात्र काहीच होत नाही, त्यामुळे दोष शोधायला वेळ लागतो.

याच स्पर्धांतल्या २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्स, म्हणजे दमाच्या, शर्यतीत मध्ये पेट्रोल भरता येत नाही. शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत टाकीत थोडेच उरलेले असते आणि वळणे तितकीच तीव्र असतात. वजन वाचवण्यासाठी संघ टाकीच बेताची ठेवतात, म्हणून ‘जास्त भरून ठेवू’ हा उपाय तिथे चालत नाही. सर्ज टँक बसवून, परतीची नळी त्यात सोडून, स्किड पॅडवरची दाबाची मोजणी पुन्हा केली आणि मोठी टाकी जवळजवळ कोरडी होईपर्यंत दाबाची सुई तीन बारवर स्थिर राहिली, की ती गाडी एन्ड्युरन्सच्या रांगेत उभी करायला हरकत नाही.